आईला गोळी देऊन झोपवू नका

*सप्रेम नमस्कार. मी किशोरांसाठी कादंबरी लिहिते आहे. नायिका रेवा दहावीत आहे, कोथरूडला राहते. रात्री घराबाहेर पडून ती मुंजे, हडळी, खवीस यांचा बंदोबस्त करते. शेवटचा सामना पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यात होतो. अडलंय ते तिच्या आईबाबांपाशी. एक मैत्रीण म्हणते, आजचे पालक आहेत, त्यांनी मुलीच्या पाठीशी उभं राहावं. दुसरी म्हणते, दहावीच्या वर्षात असलं कोण चालू देईल? तूर्तास बाबांना मी नोकरीसाठी बंगळुरूला ठेवलंय आणि आई रात्री बीपीची गोळी घेऊन झोपते, त्यामुळे तिला पत्ता लागत नाही. त्यांनी कसं वागायला हवं?*
*– एक होतकरू लेखिका, कोथरूड*

अहो, बीपीच्या गोळीनं गाढ झोप लागते हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यातल्या काही गोळ्यांनी उलट लघवीला जास्त होते आणि माणूस रात्रीतून दोनदा उठतो. म्हणजे अडीच वाजता रेवा चपला हातात घेऊन लॅच उघडत असेल, तेव्हा आई नेमकी बाथरूममधून बाहेर येत असेल. इतका चांगला प्रसंग आयता हाती आला होता, आणि तुम्ही त्या बाईला गोळी देऊन झोपवलंत!

बाबांचं एक वेळ सोडून देऊ. निम्मं कोथरूड बंगळुरूलाच असतं. पण मुलगी दहावीला असताना सलग झोपणारी आई मला दाखवा. बरं, झोपली असं धरू. सकाळी कपडे कोण धुवायला टाकतं? रेवा रात्री टेकडीवर जाते ना? पावसाळा सरला की ट्रॅकपँटच्या पायांना गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटतात. ती मशीनमध्ये निघत नाहीत. बाल्कनीत उभं राहून नखानं एकेक उपटावी लागतात, आणि तरी एखादं कंबरपट्टीत राहून टोचतंच. तुमच्या कादंबरीत ती कोण काढतं? हे काम करणाऱ्या बाईला काहीच माहीत नाही, हे मी मानणार नाही. दहावीतले वाचकही मानणार नाहीत, त्यांच्या आया त्यांना ठाऊक आहेत.

तुमच्या मैत्रिणींचा वाद मला फिजूल वाटतो. पाठीशी उभं राहायचं की अडवायचं, हे आई जागी झाल्यावरच ठरेल. आई काय करेल याची तुम्हालाच भीती वाटते, म्हणून गोळी.

आणि शेवट कुठे नेलात, तर शनिवारवाड्यात! ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. नारायणराव पेशवा जेमतेम अठरा वर्षांचा. गारदी मागे लागले तेव्हा पोरगं घरातल्या वडीलधाऱ्याकडे, राघोबादादांकडे धावलं आणि तिथेच मारलं गेलं. ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून ऐकू येते असं लोक सांगतात, ती त्याचीच. घरातलं मोठं माणूस वेळेला उभं राहिलं नाही, म्हणून झालेलं हे भूत. त्याच्यासमोर तुम्ही रेवाला उभी करता आणि तिची आई तिकडे घोरत पडते. तुम्हाला हे लिहिताना खटकलं नाही?

आईला भुताखेतांचं पटेल का, या काळजीत पडू नका. ज्या गावात गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ आहे आणि शहरातल्या सर्वांत उंच टेकडीच्या माथ्यावर वेताळबाबाचं देऊळ आहे, तिथली आई ‘असलं काही नसतं’ म्हणून उडवून लावणार नाही. रोज पहाटे ती त्याच देवळापर्यंत चालून येत असेल, खाणीकडची वाट तिला रेवाहून जास्त पाठ असेल. मुंजाचं ऐकल्यावर ती पहिल्यांदा ‘आणि प्रिलिम?’ म्हणेल. मग विचारेल, ‘केवढा आहे गं तो?’ कारण मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा, कदाचित रेवाहूनही लहान. कोणाचं तरी पोर. हा प्रश्न रेवाला आजवर सुचलेला नसेल, आणि पुढचा वार करताना तिचा हात अडखळला तर मला आवडेल.

तर आता एकच करा. आईला जागी करा आणि तिला ‘नाही’ म्हणू द्या. समजूतदार, हसतमुख आई नको मला. दाराला कुलूप, किल्ली ब्लाउजमध्ये, खुर्ची दारासमोर. आणि त्या रात्री तिचं ‘नाही’ खरंच चालू द्या. रेवा घरातच राहते. सकाळी सोसायटीचा वॉचमन जागेवर नसतो, त्याची बॅटरी तेवढी पिंपळाखाली सापडते. आता ‘मी तुला सांगत होते’ हे रेवानं म्हणायचं, की म्हणायचं नाही? आणि आईनं संध्याकाळी किल्ली कुठे ठेवायची? हे मला विचारू नका, लिहून बघा.

गोळीचं वाक्य आजच खोडा. बाबांना मात्र तूर्त बंगळुरूलाच राहू द्या, त्यांचा फोन वॉचमनच्या प्रकरणानंतर आला तरी चालेल.