व्हेक्टर: सदिश, वाहक की आणखी काही?

एका अनुवादक ताईंचा प्रश्न आहे: "अधिक सुरक्षित आणि कार्यक्षम जीन थेरपीसाठी नॉनव्हायरल डीएनए व्हेक्टर, अशा शीर्षकाचा लेख मराठीत आणायचाय. यंत्राने 'गैर-व्हायरल डीएनए सदिश' असं दिलं. मैत्रीण म्हणते 'रोगवाहक' लिही. दोन्ही खटकतंय. काय लिहू?"

ताई, खटकलं ते योग्यच. सदिश हा शब्द गणित-भौतिकीचा. दिशा असलेली राशी ती सदिश, नसलेली ती अदिश. इथला व्हेक्टर म्हणजे आजार बरा करण्यासाठी पेशीत जनुक नेऊन सोडणारा रेणू; त्याला दिशेशी काही देणंघेणं नाही. रोगवाहक म्हणजे डास, पिसू, गोचीड. इथे तर रोग न्यायचा नाही, उतारा न्यायचाय.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'वाहून नेणारा' एवढाच. तिकडचा 'व्हेहेरे' आणि आपला संस्कृत 'वह्' हे एकाच प्राचीन धातूचे वंशज. व्हेइकल, वॅगन, वाहन, वाहक, अगदी विवाहसुद्धा, अशी ही मोठी भावकी आहे. तेव्हा व्हेक्टरला वाहक म्हटलं तर ते भाषांतरही नव्हे, घरातल्याच चुलतभावाला हाक मारणं झालं.

पण गोची पुढे आहे. मराठीत वाहक या शब्दाकडे आधीच बरीच कामं आहेत. एसटीत चालक पुढे, वाहक तिकिटं फाडतो. विज्ञानाच्या पुस्तकात तांबं विजेचं सुवाहक. आणि जनुकांच्या बाबतीत तर हा शब्द माणसांना लागतो. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी होते, तेव्हा अहवालात कुणी 'वाहक' निघतो (सदोष जनुक आहे, पण आजार नाही), कुणी 'रुग्ण'. दोन वाहकांनी आपसात लग्न करण्याआधी विचार करावा, असं आरोग्यसेविका सांगते. आता सिकलसेलच्याच जनुकोपचारावर (जीन थेरपीवर) लेख असेल आणि तुम्ही 'जनुकवाहक' लिहिलंत, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर रेणू येणार नाही, शेजारच्या पाड्यावरचा मुलगा येईल. व्हायरल व्हेक्टरला 'विषाणुवाहक' म्हटलं तरी तेच. तो शब्द डासाला किंवा आजार पसरवणाऱ्या माणसाला शोभतो.

म्हणून माझा सरळ तोडगा: क्रम उलटा करा. 'वाहक विषाणू' आणि 'वाहक डीएनए'. इथे वाहक विशेषण होतो आणि काम कोण करतंय ते उघड दिसतं. 'डीएनए-वाहक' या समासात डीएनए हा ओझं की हमाल, हे विग्रह केल्याशिवाय कळत नाही. 'डीएनएचा वाहक' म्हणाल तर तो तत्पुरुष, 'डीएनए हाच वाहक' म्हणाल तर कर्मधारय. आपल्याला दुसरा अर्थ हवाय आणि सवयीने वाचला जाईल पहिला.

हा व्याकरणाचा कीस नुसती हौस म्हणून काढत नाहीये. वाहक विषाणू वापरला की आतली जनुकं आणि त्यांना पेशीत घुसवणारं कवच असं सगळं एकत्रच मिळतं. पालखी आणि भोई एकाच दरात. विषाणू वगळला की भोई वेगळे शोधावे लागतात. प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूंत सापडणारं डीएनएचं कडं, हा झाला वाहक डीएनए (प्लाझ्मिड हे नाव जोशुआ लेडरबर्ग यांनी 1952 साली दिलं). त्याला पेशीत नेण्यासाठी मेदाचे अतिसूक्ष्म गोळे लागतात किंवा विजेचा झटका द्यावा लागतो. मेदाचा गोळा हा 'डीएनएचा वाहक', प्लाझ्मिड हा 'वाहक डीएनए'. मूळ लेखात या दोघांची सरमिसळ होऊ देऊ नका.

2021 च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे मंजूर झालेली कोविडवरची झायकोव्ह-डी आठवते? तिच्यात असाच प्लाझ्मिड होता. ती लस होती, जनुकोपचार नव्हे, पण वाहक डीएनएचं आपल्या वाचकांच्या सर्वांत जवळचं उदाहरण तेच.

आता 'नॉनव्हायरल'. गैर- हा हिंदीचा वळसा, मराठीत गैर म्हटलं की गैरव्यवहार, गैरसमज, गैरहजर असं काहीतरी वावगंच आठवतं. 'अविषाणुजन्य' आजाराला ठीक. 'विषाणुविरहित' मला बिनसाखरेच्या सरबतासारखं वाटतं, आधी होता, मग गाळून काढला. माझं मत 'बिनविषाणू'ला. त्यामागे एक जुना आदर्श आहे: बिनतारी. तारेचं काम तारेवाचून करणारं यंत्र आलं तेव्हा मराठीने हा शब्द केला. इथे विषाणूचं काम विषाणूवाचून करायचंय. झायकोव्ह-डीही सुईवाचून, दाबाने त्वचेत सोडत असत, म्हणजे बिनसुईची लस. आणि 'नॉनव्हायरल' तसंच ठेवलंत तर मोबाइलवाल्या पिढीला तो न चाललेला व्हिडिओ वाटेल.

बिनविषाणू आणि वाहक डीएनए हे दोन्ही शब्द लागतात, एकात दुसरा येत नाही. 8 डिसेंबर 2023 ला अमेरिकेत सिकलसेलवरचे दोन उपचार एकाच दिवशी मंजूर झाले. लिफजेनियात जनुक नेतो तो वाहक विषाणू, लेंटिव्हायरस. कॅसजेव्हीत जनुक कापणारी कात्री विजेच्या झटक्याने पेशीत सोडतात, म्हणजे तो बिनविषाणू आहे, पण त्यात वाहक डीएनए नाही.

शीर्षकातल्या 'अधिक सुरक्षित'मागे इतिहास आहे. 1999 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा वाहक अॅडेनोव्हायरसला आलेल्या प्रतिक्रियेने दगावला. पुढे पॅरिसच्या चाचणीत काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला, कारण विषाणूने जनुक नको त्या ठिकाणी रोवलं होतं. शिवाय एएव्ही (अॅडेनो-असोसिएटेड व्हायरस) या जनुकोपचारातल्या लाडक्या विषाणूच्या पोटात डीएनएची जेमतेम 4.7 हजार अक्षरं मावतात, आणि डिस्ट्रोफिन या स्नायूंतल्या प्रथिनाच्या जनुकाचा नुसता प्रथिन-मजकूरच 11 हजारांच्या घरात. वाहक डीएनएला जागेची ही अडचण नाही. त्याची अडचण पोहोचण्याची: पेशीत शिरला तरी केंद्रकापर्यंत थोडाच जातो, आणि गेला तरी काही दिवसांत गप्प होतो. प्लाझ्मिडमधला जिवाणूचा भाग कापून 'मिनिसर्कल' करतात ते यासाठीच. म्हणून इथल्या 'एफिशियंट'ला कार्यक्षम चालेल, पण लेखात एकदा तरी 'किती पेशींत पोहोचतो आणि किती टिकतो' असं फोडून लिहा.

जीन थेरपीला जनुकोपचार हा सुटसुटीत शब्द आहेच. तर शीर्षक असं: 'जनुकोपचार अधिक सुरक्षित आणि कार्यक्षम करणारे बिनविषाणू वाहक डीएनए'.

शुद्धलेखनाचं एक: सुटा 'विषाणू' आणि शेवटी आलेला 'बिनविषाणू' दीर्घ, पण 'विषाणुजन्य', 'विषाणुवाहक' यांत णु ऱ्हस्व. मुद्रितशोधक नेमका तिथेच अडवतो.