खिशातला टॉर्च घेताना नेमकं काय बघायचं?

प्रश्न : आमच्याकडे शेतीची लाईट पाळीने असते, रात्रीच्या पाळीला मोटर चालू करायला आणि दारं धरायला मळ्यात जावं लागतं. आतापर्यंत मोबाईलच्या उजेडावर भागवलं. ऑनलाईन ९०,००० लुमेनचा छोटा टॉर्च तीनशे रुपयांत दिसतोय, घेऊ का? – एक शेतकरी, खटाव तालुका

उत्तर : दादा, नका घेऊ. तो आकडा सरळ सरळ खोटा आहे. घरात पूर्वी ६० वॅटचा पिवळा बल्ब असायचा ना, तो साधारण ७०० ते ८०० लुमेन उजेड द्यायचा. एका सेलवर चालणारा, मुठीत मावणारा चांगला टॉर्च हजार लुमेन देतो खरा, पण मिनिट-दोन मिनिटं, मग अंग तापायला लागतं म्हणून आतलं सर्किट स्वतःच उजेड खाली आणतं आणि पुढे रात्रभर तुम्ही काम करता ते १००-३०० लुमेनमध्येच. त्यामुळे सगळ्यात वरचा मोड किती लुमेनचा हे विचारूच नका, मधल्या मोडवर किती तास चालतो ते विचारा. बांधावरून चालायला १०० लुमेन भरपूर झाले.

खोक्यावर अमुक मीटर लांब उजेड जातो असंही लिहिलेलं असतं. ते अंतर मोजतात ते उजेड पाव लक्सवर येतो तिथपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, तेवढ्या उजेडात लांबचा साप काही ओळखू येत नाही. आणि तुमची गरज लांबची नाहीच, पायापासून पाच-दहा पावलांची आहे. मण्यार रात्रीच फिरते, घोणस पाचोळ्यात पडून असते आणि तिचा रंग मातीत मिसळून जातो, तेव्हा वाटेच्या दोन्ही कडा एकदम दिसतील असा पसरट उजेड हवा. झूमवाल्या टॉर्चचं तोंड पुढे ओढलं की नुसता एक चौकोन उजळतो आणि बाजूला अंधार, असे टॉर्च मळ्यासाठी घेऊ नका. टॉर्च कमरेच्या उंचीवर धरा, उजेड तिरका पडला की बारक्या वस्तूचीही सावली पडते आणि ती चटकन नजरेत येते, डोक्याला बांधलेल्या लाईटमध्ये ही सावली आपल्याला फारशी दिसत नाही, शिवाय पावसाळ्यात सगळे किडे तोंडावर येतात. गमबूट आणि काठी हवीच, टॉर्च कितीही चांगला असला तरी.

सेल १८६५० घ्या, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, चांगल्या कंपनीचा ३००० ते ३५०० एमएएचचा येतो. त्याच मापाच्या सेलवर ९८०० लिहिलं असेल तर दुकानदाराला परत द्या. चांगल्या सेलवर १०० लुमेननं नऊ-दहा तास निघतात. सेल बाहेर काढता येतो ना ते नक्की बघा, कारण दोन-तीन वर्षांनी तो थकतो आणि नवा घातला की टॉर्च परत चालू, आतच बसवलेला असेल तर अख्खा टॉर्च गेला. बटण मागच्या टोपीवरचं, एका दाबात चालू-बंद होणारं असू द्या, चिखलाच्या हातानं अंधारात बाजूचं बारीक बटण सापडत नाही. आणि मोबाईलचं चार्जिंग उजेडावर घालवू नका हो, रात्री मळ्यात काही झालं तर १०८ ला फोन लावायला तेच लागणार आहे.

प्रश्न : मी नर्स आहे, रात्रीची ड्यूटी असते. पर्समध्ये छोटा टॉर्च ठेवला होता तर तो आपोआप चालू होऊन आतलं कापड गरम झालं. आता भीती वाटते. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, भीती रास्त आहे, बंद पर्समध्ये मोठ्या मोडवर चालू राहिलेला टॉर्च कापड जाळूही शकतो. बहुतेक चांगल्या टॉर्चची मागची टोपी पाव फेरा सैल केली की करंट तुटतो आणि बटण दाबलं तरी लागत नाही, घेतानाच हे दुकानात करून बघा. तुम्हाला १८६५० ची गरज नाही, एका पेन्सिल सेलवरचा पुरेल, सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. फक्त साधा अल्कलाईन सेल महिनोन् महिने आत ठेवू नका, तो पाझरला की आतली स्प्रिंग खराब होते, चार्ज होणारे निकेलचे सेल बरे. एक लक्षात ठेवा, १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला अगदी पेन्सिल सेलसारखाच असतो पण तो ३.७ व्होल्टचा, टॉर्चवर चालेल असं लिहिलं नसेल तर घालायचा नाही.

वॉर्डसाठी अगदी मंद, एखाद्या लुमेनचा मोड असलेला बघा म्हणजे शेजारचा पेशंट उठणार नाही. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० च्या वर असेल तर फारच छान, त्वचेचा आणि रक्ताचा रंग खरा दिसतो, स्वस्त निळसर उजेडात लाल रंग मेल्यासारखा दिसतो. मोठा मोड मात्र पेशंटच्या डोळ्यात कधीच नाही. आणि स्टेशनवरून घरी जाताना कुणाच्या तोंडावर लखलखता मोड मारायचा सल्ला बरेच जण देतात, मी देणार नाही, समोरचा क्षणभर दिपतो आणि मग चिडतो. उजेड रस्त्यावर ठेवा, लोक असतील त्या बाजूने चाला.

प्रश्न : जूनमध्ये राजमाचीला काजवे बघायला आणि पुढे पावसाळ्यात ट्रेकला जायचंय. वॉटरप्रूफ किती लागतो? – कॉलेजचा ग्रुप, पुणे

उत्तर : खोक्यावर पाण्यापासून बचावाचा आयपीएक्स आकडा असतो. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे, आपल्या घाटातल्या पावसाला ते पुरत नाही. आयपीएक्स ७ घ्या, एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण आणि टोपीतली रबरी रिंग ट्रेकच्या आदल्या दिवशी तपासा, पाणी शिरतं ते तिथूनच. धुक्यात उजेड डोळ्यांपासून लांब, खाली धरा नाहीतर समोर पांढरी भिंतच उभी राहते.

काजव्यांच्या झाडाजवळ पोचलात की टॉर्च बंद, अगदी गरज पडली तर मंद लाल उजेड आणि तोही पायाशी. नर-मादी एकमेकांना शोधतात ते त्या लुकलुकण्यावरूनच आणि आपल्या झोतात त्यांचे इशारे पार बुडून जातात. ग्रुपमध्ये वीस जण असाल तर वीस टॉर्च लावू नका, पुढे एक आणि मागे एक पुरे.

प्रश्न : विमानात टॉर्चचे जास्तीचे सेल नेता येतात का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : लिथियमचे सुटे सेल हातातल्या बॅगेतच, खाली द्यायच्या बॅगेत चालत नाहीत. प्रत्येक सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवा किंवा टोकांना चिकटपट्टी लावा, किल्ल्या आणि नाण्यांबरोबर मोकळा टाकलात तर शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो.