नायट्रेट उतरत नाही

प्रश्न : खाऱ्या पाण्यातल्या माशांची २०० लिटरची टाकी आहे, खाली संपही (पाणी गाळण्याची जोडटाकी) आहे. दर पंधरवड्याला २० टक्के पाणी बदलूनही नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा क्षार) ५० पीपीएमवरच (लिटरमागे ५० मिलिग्रॅम). औषध न घालता काय करावं?

उत्तर : २० टक्के बदलल्यावर ५०चं फक्त ४० होतं, कमी झालेलं मासे पंधरा दिवसांत भरून काढतात. आधी संपमधला स्पंज बघा. अडकलेला गाळ तिथेच कुजत असतो, दर तीन-चार दिवसांनी धुवा. गोठवलेली कोळंबी वितळवून, तिचं पाणी गाळून मगच घाला.

मग संपमध्ये चीटोमॉर्फा शेवाळ सोडा. काथ्याच्या गुंत्यासारखं दिसतं, सुरुवातीला दोन मुठी पुरे. वरच्या टाकीतला दिवा बंद झाला की शेवाळावरचा लावा. म्हणजे रात्री पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) कमी घसरतो. गुंता पाण्यात फिरता हवा. घट्ट बसला तर आतून पांढरा पडून कुजतो आणि शोषलेलं सगळं परत पाण्यात! दुप्पट झाला की अर्धा काढून फेका. नायट्रेट खरं बाहेर जातं ते या कापणीनेच. वाढच थांबली तर फॉस्फेट (शेवाळाचं दुसरं खाद्य) मोजा. ते शून्यावर असेल तर शेवाळ नायट्रेटही उचलत नाही. प्रवाळ नसतील तर नायट्रेट २०पर्यंत उतरलं तरी चालेल.