मुलीचा जन्म वद्य चतुर्दशीचा आहे, रिक्ता तिथी म्हणून घरचे घाबरलेत. ज्योतिषात तिथीला खरंच इतकं महत्त्व असतं का?

आधी एक गोष्ट तपासा. तुम्ही लिहिलंय की मुलगी रात्री दहा वीसला झाली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेखाली वद्य १४ छापलंय. त्या चौकटीत छापतात ती सूर्योदयाला चालू असलेली तिथी. जन्मतिथी धरतात ती मात्र जन्माच्या क्षणी चालू असलेली. चतुर्दशी त्या दिवशी संध्याकाळी सातला संपली असेल, तर तुमची मुलगी चतुर्दशीची नाहीच, अमावास्येची आहे. (हे ऐकून तुमच्या सासूबाईंना बरं वाटणार नाही, कल्पना आहे. अमावास्येकडे नंतर येतो.)

मी व्यवसायाने ज्योतिषी नाही. आजोबांची नजर गेली तेव्हा रोज सकाळी त्यांना पंचांग वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी सातवीत होतो. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, आणि प्रत्येकापुढचे घटी-पळांचे आकडे (वेळेची जुनी मापं, एक घटी २४ मिनिटांची). कुणी दारात येऊन विचारलं, "अण्णा, उद्याची तिथी कशीय?" की ते आधी उलट विचारायचे, "कशाला?" काम कळल्याशिवाय त्यांनी कुठल्याही तिथीला चांगली किंवा वाईट म्हटलेलं मी ऐकलं नाही. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या 'कशाला'मध्ये आहे.

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर. अमावास्येच्या शेवटी दोघे एकाच अंशावर असतात. तिथून चंद्र पुढे सरकतो आणि सूर्याच्या दर १२ अंश पुढे गेला की एक तिथी पुरी होते. ३६० अंशांत अशा ३० तिथी. घरी पत्रिका असेल तर करून बघा: चंद्राच्या अंशांतून सूर्याचे अंश वजा करा (वजाबाकी होत नसेल तर चंद्रात ३६० मिळवा), १२ ने भागा आणि भागाकारात एक मिळवा. समजा सूर्य सिंहेत १० अंशांवर म्हणजे १३०, चंद्र धनूत २४ अंशांवर म्हणजे २६४. फरक १३४. बाराने भागल्यावर ११ पूर्ण आणि वर थोडं, म्हणजे बारावी तिथी चालू आहे: शुद्ध द्वादशी. वद्य चतुर्दशी ही एकोणतिसावी तिथी, म्हणजे अंतर ३३६ ते ३४८ अंशांच्या मध्ये यायला हवं. तुमच्या मुलीचं किती येतं ते पाहा, शंकाच उरणार नाही.

यातली एक गंमत फार लोकांच्या लक्षात येत नाही. पंचांगकर्त्यांची अयनांशावरून, म्हणजे राशिचक्राची सुरुवात आकाशात नेमकी कुठे धरायची यावरून, भांडणं आहेत. टिळक पंचांग आणि इतर पंचांगांत नक्षत्रं वेगळी येतात, कधी अधिक महिनाही वेगळा येतो. पण तिथी ही वजाबाकी असल्यामुळे अयनांश दोन्हीकडून कटतात, आणि दृक्गणिताच्या (प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या गणिताच्या) दोन पंचांगांत तिथीची समाप्ती सारखीच येते. तिथीवरून जे भांडण झालं ते वेगळं. गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये कोकणातल्या नांदगावात लिहिलेल्या 'ग्रहलाघवा'वरून आपल्याकडे कित्येक पिढ्या पंचांगं बनली. एकोणिसाव्या शतकात ते गणित आकाशाशी जुळेना, म्हणून केरो लक्ष्मण छत्र्यांनी नव्या वेधांवरून गणित करून १८६५ पासून नवं पंचांग सुरू केलं. जुनी मंडळी 'बाणवृद्धी रसक्षय' म्हणत. म्हणजे ६० घटींची तिथी फार तर ५ घटींनी वाढेल किंवा ६ घटींनी घटेल, म्हणजेच साडेएकवीस ते सव्वीस तासांत राहील. प्रत्यक्षात चंद्र पृथ्वीजवळ असताना जोरात पळतो आणि लांब असताना रेंगाळतो, त्यामुळे तिथी सुमारे २० तासांचीही असते आणि पावणेसत्तावीस तासांपर्यंतही जाते. म्हणूनच एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, ती वृद्धी. एखादी एकही पाहत नाही, तो क्षय. चांद्रवर्षात ३६० तिथी ३५४ दिवसांत बसवायच्या, तेव्हा क्षय जास्त असणारच.

आता रिक्ता.

प्रतिपदेपासून पाच नावं पाळीपाळीने येतात: नंदा, भद्रा, जया, रिक्ता, पूर्णा. मग षष्ठीपासून पुन्हा तीच, एकादशीपासून पुन्हा तीच. त्यामुळे चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या तीन रिक्ता. रिक्ता म्हणजे रिकामी. लग्न, मुंज, गृहप्रवेश, नवा व्यवसाय अशा भरभराट मागणाऱ्या कामांना ती टाळतात. पण हेच मुहूर्तशास्त्र शत्रूवर चाल करणं, शस्त्रक्रिया, काहीतरी तोडणं-कापणं अशा कामांना रिक्ता चालते म्हणून सांगतं. आणि शनिवारी रिक्ता आली तर तो सिद्धयोग धरतात. रिकामी तिथी वाराच्या संगतीने सिद्ध होते, म्हणजे दोष तिच्या अंगचा नव्हता.

बरं, आपल्याकडे गणपती येतो तो भाद्रपद शुद्ध चतुर्थीला. राम जन्मला चैत्र शुद्ध नवमीला. नृसिंह प्रकटला वैशाख शुद्ध चतुर्दशीला. तिन्ही रिक्ता, एकही सुटली नाही. समर्थ रामदासांचा जन्मही रामनवमीचाच, शके १५३०. या मंडळींना रिक्तेने रिकामं ठेवलं असं म्हणायला सासूबाईही धजणार नाहीत. हा मुद्दा घरात वापरून पाहा, मी वापरलाय, चालतो.

प्रत्येक तिथीची एक देवताही असते. आपल्या सणांचा अर्धा हिशोब तिथेच लागतो. तृतीया गौरीची, म्हणून हरितालिका तृतीयेला. चतुर्थी गणेशाची. पंचमी नागांची, म्हणून नागपंचमी. षष्ठी स्कंदाची, सप्तमी सूर्याची, आणि रथसप्तमी माघ शुद्ध सप्तमीलाच का येते हे वेगळं सांगायला नको. दशमी यमाची आहे, तरीही दसरा साडेतीन मुहूर्तांतला. इथे आजोबांचा 'कशाला' पुन्हा आठवावा. चतुर्दशी शंकराची. दर महिन्याची शिवरात्र वद्य चतुर्दशीला असते आणि माघातली ती महाशिवरात्र. म्हणजे तुमची मुलगी चतुर्दशीचीच निघाली तर शिवरात्रीची निघाली. याच वस्तुस्थितीला कुणी 'रिक्ता' म्हणून घाबरवतं आणि कुणी 'शिवरात्रीला झालेली पोर' म्हणून कौतुक करतं.

करण हा तिथीचा अर्धा भाग, ६ अंशांचा. त्यातलं विष्टी करण, ज्याला लोक भद्रा म्हणतात, ते शुभकामांना वर्ज्य. (याचा भद्रा तिथीशी काही संबंध नाही. नाव एक, घोळ कायमचा.) पौर्णिमेचा पहिला अर्धा भाग नेहमीच विष्टी असतो. त्यामुळे राखी कधी बांधायची आणि होळी कधी पेटवायची यावर दरवर्षी जे मेसेज फिरतात त्यात 'यंदा दुर्मीळ योग' वगैरे काही नसतं. पौर्णिमा नेमकी किती वाजता सुरू झाली एवढाच प्रश्न असतो.

सणाला कुठली तिथी धरायची हाही असाच 'कशाला'चा मामला. सगळीकडे सूर्योदयाची तिथी चालत नाही. गणेश चतुर्थीला मध्यान्ही चतुर्थी हवी, संकष्टीला चंद्रोदयाला, जन्माष्टमीला मध्यरात्री अष्टमी, श्राद्धाला अपराह्णी (दुपार कलल्यावर), लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळी (सूर्यास्तानंतर) अमावास्या. २०२४ च्या दिवाळीत अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. दोन्ही दिवशी प्रदोषाला स्पर्श! उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ३१ ला दिवाळी झाली, आपल्याकडच्या पंचांगांनी १ तारीख दिली. दोन्ही बाजूंना तिथीची वेळ मान्य होती, वाद होता तो कुठला दिवस घ्यायचा याचा. दिनदर्शिकेत एकापाठोपाठ स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादशी दिसतात त्याही अशाच.

एवढं सगळं सांगितलं, कारण तिथीचं मुख्य राज्य इथे आहे: व्रत, श्राद्ध, मुहूर्त. कुठलं काम कधी करायचं. जन्मपत्रिकेत ती मागच्या बाकावर असते. जाणकार ज्योतिषी आधी लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) बघेल, चंद्ररास आणि नक्षत्र बघेल, ग्रहांची स्थानं, दशा. तिथी पत्रिकेत येते ती बहुतेक चंद्राच्या पक्षबलातून, म्हणजे पक्षानुसार चंद्र किती भरलेला आहे त्यावरून. वद्य चतुर्दशीला चंद्र सूर्यापासून १२ ते २४ अंशांवर आलेला असतो, पहाटे पूर्वेला बारीक कोर दिसते तेवढा. त्याला क्षीण चंद्र म्हणतात आणि चंद्र मनाचा कारक, म्हणून काळजी. पण तोच ज्योतिषी लगेच पाहील की चंद्र कुठल्या स्थानात आहे, स्वराशीत किंवा उच्चीचा आहे का, गुरूची दृष्टी आहे का. यातलं काही न बघता नुसती तिथी ऐकून कुणी तोंड वाकडं केलं असेल, तर त्याने पत्रिका पाहिलेलीच नाही.

हे झालं शास्त्राच्या भाषेत. माझं मत विचाराल तर तिथीवरून माणसाचा स्वभाव किंवा नशीब ठरतं याला पुरावा नाही. जगात जन्मणाऱ्यांपैकी साधारण तिसावा हिस्सा वद्य चतुर्दशीचा असणार आणि ही सगळी माणसं एका साच्यातली नसतात. तिथीचं गणित चोख आहे, माझा त्याच्यावर जीव आहे. पण फलांच्या बाबतीत मी आजोबांपेक्षा बराच कमी भाविक आहे.

शांती, म्हणजे जन्माचा दोष घालवायचा विधी, करावी का असंही तुम्ही विचारलंय. कृष्ण चतुर्दशी जननशांती ग्रंथांत आहे, गुरुजींनी ती मनाने काढलेली नाही. तिथे चतुर्दशीचे सहा भाग करून प्रत्येकाचं वेगळं फल दिलंय आणि पहिला भाग शुभच धरलाय. म्हणजे ग्रंथ मानायचा तरी सरसकट घाबरण्याची सोय नाही, आधी जन्मवेळेवरून भाग काढावा लागतो. त्या शांतीने आजीचं मन मोकळं होत असेल आणि ती घरच्या घरी, ऐपतीत होत असेल, तर करून टाका. वाद घालून बाळंतिणीची झोप उडवण्यापेक्षा ते बरं. मात्र कुणी भीती घालून भलामोठा खर्च सांगत असेल तर उठून या. आणि मुलीच्या कानावर 'तू चतुर्दशीची' हे टोमणा म्हणून कधीही पडू देऊ नका. माझ्या एका आत्येबहिणीने हे लग्नापर्यंत ऐकलं. तिच्या पत्रिकेने तिला काय केलं माहीत नाही, त्या वाक्याने मात्र तिला नक्की त्रास दिला.

आणि अमावास्या निघाली तर? दर्शजननशांती म्हणून तिचीही शांती सांगतील. तेव्हा एवढंच विचारा की वर्षातली लक्ष्मीची सगळ्यात मोठी पूजा आपण कुठल्या तिथीला करतो. पोळाही अमावास्येचाच. तमिळ लोकांत तर नव्या कामाला अमावास्या चांगली मानतात. तीच रात्र, तोच न दिसणारा चंद्र.

राहिला वाढदिवस. तारखेने करावा की तिथीने, हा प्रश्न आपल्याकडे शिवजयंतीलाही सुटलेला नाही. १९ फेब्रुवारी १६३० आणि फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ हा एकच दिवस, पण दरवर्षी जयंत्या दोन होतात. घरी दोन्ही करायला हरकत नाही: तारखेला केक, तिथीला ओवाळणं. चांद्रवर्ष ११ दिवसांनी लहान असल्याने तिथी दरवर्षी मागे सरकत जाईल, अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारेल. पण १९ सौरवर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात. त्यामुळे मुलगी एकोणीस वर्षांची होईल तेव्हा तारीख आणि तिथी पुन्हा एकाच दिवशी येतील, फार तर एका दिवसाने चुकतील.