स्टार वॉर्सच्या कॉमिक्सना गुण द्यायचे तरी कशावर?

तुम्ही विचारलं आहे: रत्नागिरीला राहतो, स्टार वॉर्सची कॉमिक्स नुकतीच वाचायला घेतली, पण जे हातात येईल त्याला पाचपैकी चारच द्यावेसे वाटतात. मग गुण द्यायचे कशावर, आणि वाचायचं कुठून? मी वेंगुर्ल्याची. ही कॉमिक्स बरीच वर्षं वाचते आहे आणि प्रत्येक खंडाचे, म्हणजे काही अंक एकत्र बांधलेल्या पुस्तकाचे, गुण वहीत लिहून ठेवते. प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पाचांऐवजी दहापैकी गुण द्यायला लागा. पाचात तीन दिले की लेखकाचा अपमान केल्यासारखं वाटतं, पूर्ण पाच द्यायला हात धजत नाही, मग उरतात चारच. दहात सहा, सात आणि आठ यांच्यात खरा फरक करता येतो.

पण चारचं खरं कारण वेगळं आहे. खलनायक डार्थ व्हेडरचं काळं शिरस्त्राण पानावर दिसलं की तो घरघरता श्वास आपल्या कानात आपोआप सुरू होतो, जॉन विल्यम्सचं संगीत वाजायला लागतं, चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हाचा आनंद वर येतो. हे सगळं चित्रपटांनी कमावलेलं आहे. कॉमिकच्या लेखक-चित्रकारांना ते आयतं मिळतं. तुमच्या चार गुणांतले निदान दोन त्या आयत्या आनंदाचे आहेत. ते बाजूला काढले की कॉमिकने स्वतःचं काय आणलं ते दिसतं.

आता मुख्य मुद्दा. या कॉमिक्सची मोठी अडचण अशी की शेवट ठरलेला असतो. पहिला चित्रपट १९७७चा, दुसरा १९८०चा. या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात घडणाऱ्या कथेत नायक ल्यूक, त्याचे साथी लेया आणि हान, किंवा व्हेडर मरू शकत नाहीत, हे आपल्याला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. जिवाला धोका नाही, मग ताण आणायचा कुठून?

तुमच्याकडे नमन-खेळे जास्त, आमच्याकडे दशावतार. जत्रेत मध्यरात्री आख्यान सुरू होतं तेव्हा कोण जिंकणार आणि कोण मरणार हे पुढच्या रांगेत पेंगणाऱ्या पोरालाही माहीत असतं. संवाद लिहिलेले नसतात, नट ते तिथल्या तिथे रचतात. दुसऱ्या दिवशी नाक्यावर बोलणं होतं ते राजपार्ट करणाऱ्याने दरबारात काय स्वगत घेतलं आणि समोरच्याने त्याला काय उत्तर दिलं, याचं. शेवटाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. स्टार वॉर्सचं कॉमिक मी त्याच नजरेने वाचते. माहीत असलेल्या दोन गोष्टींच्या मधे लेखकाने मला असं काय दाखवलं, जे दिसल्यावर ते पात्र मला आधीपेक्षा जास्त कळलं? माझे निम्मे गुण या एका प्रश्नावर जातात.

उदाहरण देते. ल्यूक हा आपलाच मुलगा, हे पहिल्या चित्रपटात व्हेडरला माहीत नाही, दुसऱ्यात माहीत आहे. त्याला ते कळलं कधी, कसं? किएरॉन गिलेन यांनी लिहिलेली आणि साल्व्हादोर लारोका यांनी काढलेली 'डार्थ व्हेडर' ही २०१५ची पंचवीस अंकांची मालिका या फटीत शिरते. साम्राज्याचा अजस्र अवकाशतळ 'डेथ स्टार' उडालेला आहे, व्हेडरचा धनी असलेल्या सम्राटाची त्याच्यावर खप्पामर्जी आहे, आणि व्हेडर सम्राटाच्या नकळत स्वतःची माणसं आणि यंत्रं जमवतो आहे. सहाव्या अंकात बक्षिसासाठी माणसं पकडणारा बोबा फेट येऊन त्याला डेथ स्टार उडवणाऱ्या मुलाचं फक्त आडनाव सांगतो. स्कायवॉकर. व्हेडर आरडाओरडा करत नाही. तो खिडकीकडे तोंड करून उभा असतो, मधल्या चौकटींत जुन्या आयुष्यातले क्षण येऊन जातात, आणि समोरच्या काचेला तडे जातात. बापाला मुलगा जिवंत असल्याचं कळतं, आणि त्याच क्षणी इतकी वर्षं सम्राट आपल्याशी खोटं बोलला हेही कळतं. चित्रपटात या प्रसंगाला जागा नव्हती, कॉमिकने ती केली. हा क्षण त्याच वर्षीच्या 'स्टार वॉर्स' या मुख्य मालिकेच्या सहाव्या अंकातही आहे. दोन्ही अंक शेजारी ठेवून वाचा. एकच घटना एका ठिकाणी बातमीसारखी कळते आणि दुसऱ्या ठिकाणी छातीवर येते. 'डार्थ व्हेडर'च्या त्या खंडाला माझे नऊ, मुख्य मालिकेच्या पहिल्या खंडाला सात.

त्या मुख्य मालिकेच्या पहिल्या अंकाच्या मागण्या दहा लाखांच्या घरात गेल्या होत्या. त्यात निरनिराळ्या मुखपृष्ठांच्या आवृत्त्यांचा मोठा हात होता. खपाचा आकडा बघून गुण देऊ नका एवढंच सांगायचं आहे. जेसन एरन यांची कथा आणि जॉन कॅसडे यांची चित्रं चित्रपटाची लय हुबेहूब पकडतात, वाचताना मजाही येते, पण खंड संपल्यावर ल्यूक मला चित्रपटात होता तेवढाच कळलेला होता.

याच्या उलट 'लँडो'. पाचच अंक, लेखक चार्ल्स सूल, चित्रकार अॅलेक्स मालीव्ह. दुसऱ्या चित्रपटात हानचा जुना मित्र लँडो याच्या मागे कानाजवळ यंत्र बसवलेला एक गप्प माणूस उभा असतो, लोबॉट. तो एक शब्दही बोलत नाही. कॉमिकमध्ये तो बोलतो, थट्टा करतो, मित्राला सावरून घेतो. चोरीसाठी निवडलेलं जहाज खुद्द सम्राटाचं निघतं आणि सगळं बिघडत जातं. डोक्यातलं ते यंत्र माणसावर ताबा मिळवू नये म्हणून तो झगडतो आहे हे कळतं, तेव्हाच शेवट आपल्या लक्षात आलेला असतो. तरीही मित्रासाठी ठेवलेल्या त्याच्या निरोपापाशी माझे डोळे भरून आले. शेवट ठाऊक असणं हीच या लेखकाने ताकद केली. नऊ. आणि चित्रपट पुन्हा पाहिला की तो मागे उभा असलेला माणूस आता वेगळा दिसतो. एखाद्या कॉमिकने मूळ चित्रपटातली एक चौकट कायमची बदलली, तर त्याला आठाच्या खाली मी कधीच देत नाही.

उरलेल्या निम्म्यांतले बहुतेक गुण चित्रांचे. इथे लोक फार उदार होतात, चेहरा नटासारखा दिसला की खूश. मला ते पटत नाही. लारोका यांचंच बघा. व्हेडरला चेहरा नाही, नुसता मुखवटा आहे, त्यामुळे त्यांची रेखीव, छायाचित्रासारखी शैली तिथे शोभते. अंगाचा कल आणि सावली यांतूनच भाव येतो. पण पुढे अडतिसाव्या अंकापासून त्यांनी मुख्य मालिका काढली, तिथे हान आणि लेया यांचे चेहरे चित्रपटातल्या ठरावीक छायाचित्रांवरून उचलल्यासारखे वाटतात. बोलणं एक चाललेलं असतं, चेहरा दुसऱ्याच कुठल्या प्रसंगाचा. चित्रकार तोच, पण एका ठिकाणी चित्रांना मी भरभरून देते आणि दुसऱ्या ठिकाणी हात आखडता घेते. एक साधी परीक्षा करून पाहा. बोटाने संवादांचे फुगे झाकून दोन-तीन पानं नुसती बघा. कोण घाबरलंय, कोण खोटं बोलतंय, कोण कुणाकडे जातंय हे कळलं तर चित्रकाराने काम केलं.

जुन्या अंकांकडे मात्र या काट्याने जाऊ नका, त्यांना त्यांच्या काळाचा हिशेब लावा. मार्व्हल प्रकाशनाचा पहिला अंक १९७७ साली चित्रपटाच्या आधी बाजारात आला. रॉय थॉमस आणि हॉवर्ड चेकिन यांच्यासमोर पटकथा आणि काही छायाचित्रं होती, तयार चित्रपट नव्हता. म्हणून तिथला गुंडांचा सरदार जबा हा गोगलगायीसारखा लिबलिबीत ढीग नाही, दोन पायांवर उभा राहणारा मिशाळ प्राणी आहे. आणि ल्यूकचा मित्र बिग्ज याचे चित्रपटातून गळालेले प्रसंगही त्यात आहेत. सहा अंकांत चित्रपट संपला आणि पुढे काय करायचं हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. आठव्या अंकात जॅक्सन नावाचा माणसाएवढा हिरवा ससा बंदूक घेऊन येतो! त्यावर आजही लोक हसतात. मला ते अंक प्रिय आहेत. नियम ठरायच्या आधीचा मोकळेपणा त्यांत आहे, आणि ती मालिका १९८६ पर्यंत १०७ अंक चालली. सुरुवातीच्या भागाला माझे साडेसहा. कार्माइन इन्फँटिनो यांची टोकदार, धावती चित्रं आली की सात.

'डार्क एम्पायर' हे डार्क हॉर्स प्रकाशनाचं सहा अंकांचं कॉमिक १९९१ साली सुरू झालं. टॉम व्हेच यांची कथा फार बोलते, मजकुराच्या पेट्यांनी पानं भरून जातात. पण कॅम केनेडी यांचे रंग! एखादं अख्खं दृश्य हिरव्या छटेत, पुढचं तांबूस. अशी पानं स्टार वॉर्सच्या कॉमिक्समध्ये मी दुसरीकडे पाहिली नाहीत. मेलेला सम्राट नव्या देहात परत आणण्याची कल्पना इथलीच. २०१९च्या चित्रपटातही सम्राट परत आला. कथेला पाच, चित्रांना नऊ, एकूण सात. अशा वेळी वहीत दोन्ही आकडे वेगळे लिहा. नुसता सात वाचून पुढच्या वर्षी काही आठवत नाही.

तुमच्या मनात एक शंका असेल, २०१४ साली हे चित्रपट काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने आधीच्या कथा बाजूला काढून त्यांना 'लेजंड्स' ठरवलं, मग त्या वाचायच्या की नाही? खुशाल वाचा. अधिकृत नाही म्हणून गुण कापणं मला अन्याय वाटतो. उलट तिथे शेवट ठरलेला नसल्यामुळे लेखकाला पूर्ण मोकळं रान मिळालं. जॉन जॅक्सन मिलर यांची 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' ही पन्नास अंकांची मालिका चित्रपटांच्या हजारो वर्षं आधी घडते. झेन कॅरिक हा जेडाय या तलवारधारी योद्ध्यांचा यथातथाच शिष्य. त्याच्या सोबत्यांचा खून होतो आणि आळ येतो त्याच्यावर. तो वाचेल की नाही हे खरंच माहीत नसतं. मधे चित्रकार बदलत राहतात आणि तेवढा भाग खटकतो, तरी संपूर्ण मालिकेला साडेआठ.

माझा हात कडक होतो तो एकाच बाबतीत. खंड विकत घ्यावा आणि त्यात कथा अर्धीच असावी, बाकीची दुसऱ्या चार मालिकांत विखुरलेली. २०२१ सालच्या 'वॉर ऑफ द बाउंटी हंटर्स'मध्ये हे फार झालं. जो खंड स्वतःच्या दोन पुठ्ठ्यांत पुरा होत नाही, त्याचा एक गुण मी सरळ कापते. आपल्याकडे पुढचा खंड मागवला की कुरिअर यायला वेळ लागतो, आणि मधल्या दिवसांत ताण विरून जातो. 'व्हेडर डाउन' हे कॉमिकही दोन मालिकांत मिळून घडतं, पण ते सहा भागांत नीट पुरं होतं आणि एकत्र खंडात मिळतं, म्हणून त्याला हा नियम लावत नाही.

वाचायची सोय: फोनवर वाचू नका. दोन पानांवर पसरलेलं चित्र फोनवर मरतं. टॅब आडवा धरून वाचा, नाहीतर छापील खंड घ्या. तुमच्या गावात १८२८ पासूनचं नगर वाचनालय आहे, तिथे मागणी नोंदवून बघायला हरकत नाही. छापील घेतलंत तर आपली हवा लक्षात ठेवा. नव्या खंडांचा कागद गुळगुळीत असतो, पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात आणि ओढली की रंग निघतो. जूनच्या आधी, हवा कोरडी असतानाच, खंड पत्र्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालून उभे ठेवा. डांबराच्या गोळ्या घालू नका, वास कागदात मुरतो. भर पावसात प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेल्या अंकांना बुरशी हमखास धरते, दमटपणा आतच कोंडला जातो.

क्रम सांगायचा तर आधी 'लँडो', लहान आहे. मग २०१५चा 'डार्थ व्हेडर', पहिले दोन खंड. त्यानंतर सूल आणि जुझेप्पे कामुन्कोली यांचा २०१७चा 'डार्थ व्हेडर', जो कथाक्रमाने तिसऱ्या भागाच्या, म्हणजे २००५च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ' या चित्रपटाचा शेवट होतो तिथूनच सुरू होतो. त्यात व्हेडर आपली लाल तलवार कशी मिळवतो ते आहे, आणि आपला जुना गुरू ओबी-वान याच्याकडे परत जायची वाट त्याला क्षणभर दिसते, ती तो का नाकारतो हेही. हे झाल्यावर 'लेजंड्स'कडे वळा. गुण वाचल्या दिवशी लिहू नका. आठवडाभराने कुठली चौकट डोळ्यांसमोर उभी राहते ते बघा, खंड पुन्हा चाळा, मग आकडा टाका. आणि 'डार्थ व्हेडर'च्या त्या सहाव्या अंकाला तुम्ही किती दिलेत ते इथे खाली जरूर लिहा. नवापेक्षा कमी दिलेत तर का, ते मला वाचायचं आहे.