सेल्फ अर्धा फिरतो आणि अडकतो: जुन्या लॉनमोअरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे बसून चालवायचा जुना सिंगल सिलिंडर लॉनमोअर आहे. सेल्फ मारला की इंजिन अर्धा फेरा फिरून अडकतं. बॅटरी नवी टाकली, तरी तेच. आता सेल्फची मोटर बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर: इतक्यात नको. 'अर्धा फेरा फिरून अडकतं' हे नेमकं लिहिलंत, बरं केलंत. नुसतं 'चालूच होत नाही' म्हणणाऱ्याला काय डोंबल सांगणार?

स्पार्क प्लग काढा, त्याची वायर इंजिनच्या धातूला नीट टेकवून ठेवा, आसपास पेट्रोल सांडलेलं नाही हे बघा आणि सेल्फ मारा. तरीही रडतरडतच फिरला तर दोष बहुधा विजेच्या बाजूला आहे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून पुन्हा सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. अर्थची वायर चासीला जिथे आवळलेली असते तिथे गंज धरतो. बोल्ट काढून ती जागा तारेच्या ब्रशने लख्ख करा. नवी बॅटरी टाकून हा गंज जात नाही.

पण प्लग काढल्यावर भर्रकन फिरला, तर मोटर, बॅटरी दोन्ही बहुधा निर्दोष. मग बघायचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधला गॅप. ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या बहुतेक इंजिनांत कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या भागावर) एक बारीकसा उंचवटा असतो. सुरू होताना तो एक व्हॉल्व्ह केसभर उघडा धरतो, म्हणजे थोडी हवा निसटते आणि सेल्फला पूर्ण कॉम्प्रेशनशी (सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेशी) झुंजावं लागत नाही. टॅपेटचा गॅप वाढला की तो उंचवटा व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. मोटर कॉम्प्रेशनवर जाऊन आपटते आणि दोष मात्र बॅटरीला.

व्हॉल्व्ह कव्हर उघडा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन वरच्या टोकाला आणा. प्लगच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर अलगद टेकवला की पिस्टन कुठे आहे ते कळतं. मग तो साधारण 6 मिलिमीटर खाली जाईल इतकं इंजिन पुढे फिरवा, म्हणजे तो उंचवटा मोजमापात लुडबुडणार नाही. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी छोटी दांडी) आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालून रॉकरचा नट फिरवा. पट्टी हलक्या ओढीने सरकली पाहिजे. आकडा तुमच्या इंजिनच्या पुस्तिकेतलाच घ्या. अनेक इंजिनांत तो 0.1 ते 0.15 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि इनटेकचा व एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो. लॉकनट आवळताना गॅप हमखास हलतो, तेव्हा आवळल्यावर पुन्हा मोजा.

प्रश्न: पाती लावली की इंजिन बंद पडायचं. सीटखालच्या स्विचच्या वायरी थेट जोडल्या तर छान चालतं. असंच ठेवलं तर चालेल?

उत्तर: नाही. उतारावर तोल जाऊन पडलात तर पाती फिरतच राहतील. दोष तर तुम्हीच शोधलात, मग अर्ध्यावर का सोडता? कनेक्टर साफ करा, सीटची स्प्रिंग दबून गेलेली नाही ना ते बघा, नाहीतर स्विच बदला. तोवर गवत वाढू द्या.

प्रश्न: अर्धा तास उत्तम चालतो, मग धापा टाकत बंद पडतो. थंड झाला की पुन्हा सुरू. कार्बोरेटर दोनदा साफ करून झाला.

उत्तर: आता तिसऱ्यांदा नको! इंजिन पुरतं बंद होईपर्यंत थांबा, ठिणगी-विस्तव जवळ नको, आणि टाकीचं झाकण हळूच सैल करा. 'सुस्स' करून हवा आत गेली आणि इंजिन लगेच सुरू झालं, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल उतरत नाही. झाकण धुवा किंवा नवं घ्या.

तसं नसेल तर इंजिन गरम असतानाच ठिणगी तपासा. गरमपणी ठिणगी नाही आणि गार झाल्यावर आहे, तर संशय ठिणगीची वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलवर. मात्र कॉइल मागवण्याआधी फ्लायव्हीलवरचं पत्र्याचं आवरण काढून बघा. जुन्या मशीनमध्ये तिथे वाळकं गवत, कधीकधी उंदराचं अख्खं घरटंच निघतं. सिलिंडरच्या फिन्स (थंड करणाऱ्या पट्ट्या) त्यानं बुजल्या की इंजिन आणि कॉइल दोन्ही तापतात. लाकडी काडीनं फिन्स मोकळ्या करा. पाण्याचा फवारा मारू नका, चिखल होऊन आणखी घट्ट बसतं.