वाचक विचारतात : मुलांना बोटीतून समुद्र दाखवायचाय, कधी आणि कसा?

सुट्ट्या जवळ आल्या की बोटीच्या सहलींबद्दल पत्रं यायला लागतात. त्यातली चार घेतलीयेत.

प्रश्न : ताई, आम्ही ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला बोटीने गेलो होतो. पक्षी इतके लांब की नुसती गुलाबी रेघ दिसली, मुलं हिरमुसली. परत जावं का? (एक आई, ठाणे)

उत्तर : जा, नक्की जा, फक्त या वेळी तारीख रविवार बघून नका ठरवू, पाणी बघून ठरवा. ठाणे खाडीत पक्षी कुठे असणार ते भरती-ओहोटीवर असतं. पूर्ण ओहोटीला चिखल उघडा पडतो, फ्लेमिंगो त्यावर चरायला उतरतात, पण तेव्हा बोट आत न्यायला पाणीच नसतं, आणि पूर्ण भरतीला बोट मस्त फिरते पण चिखल पाण्याखाली आणि पक्षी कुठेतरी लांब विसावलेले. खरी मजा मधल्या वेळात, पाणी उतरायला लागलं की कडेचा चिखल थोडा थोडा उघडतो आणि थवे त्या काठाला येतात. म्हणून तर तिथल्या फेऱ्यांच्या वेळा रोज बदलतात. बुकिंग करताना सरळ विचारा की भरती किती वाजता आहे आणि ही फेरी भरतीच्या आधीची की नंतरची.

घरच्या घरी अंदाज काढायचा तर कोकणातला जुना हिशोब मुलांना शिकवा. कॅलेंडरवर तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा. खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला अजून थोडा वेळ लागतो तो वरून धरायचा. पाढे पाठ करायला कुरकुरणारी पोरं हे मात्र आवडीने करतात, मी बघितलंय.

महिना म्हणाल तर जानेवारी ते एप्रिल बरा. दुर्बीण न्याच, उसनी मिळाली तरी चालेल. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की चोच बघा : फ्लेमिंगो मान खाली घालून चोच चक्क उलटी धरतो, वरचा भाग खाली, आणि पाणी आत-बाहेर करून त्यातलं शेवाळ, बारीक जीव गाळून घेतो. त्या खाण्यातूनच त्याला गुलाबी रंग येतो. पिल्लं करडी असतात, थव्यात मळकट दिसणारे पक्षी म्हणजे आजारी नाहीत, लहान आहेत. रोहित म्हणजे फ्लेमिंगोच, त्याच्या दोन जाती इथे येतात : धाकटा रोहित असेल तर चोच गडद लाल, थोरल्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. ठाणे खाडीचं हे फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, लोकलमधून दिसणाऱ्या खाडीला जगाच्या यादीत जागा आहे हे मुलांना कळायलाच हवं.

प्रश्न : मे महिन्यात तारकर्लीला जातोय. डॉल्फिन दिसतील याची गॅरंटी देणारी बोट घ्यावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : गॅरंटी देणारी तर अजिबात घेऊ नका. गॅरंटी पाळायची म्हणजे डॉल्फिन दिसला रे दिसला की इंजिन फुल करून त्याच्या मागे लागायचं, आणि एकाने तसं केलं की आजूबाजूच्या सगळ्या बोटी धावतात. आपल्या किनाऱ्यावरचे हे बहुतेक हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटासा पर, ते उथळ पाण्यातच राहतात, खोल समुद्रात पळून जाणं हा त्यांचा स्वभाव नाही. श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. वर बोटींची गर्दी, खाली इंजिनांचा आवाज, आणि हे तर आवाजावरच मासे शोधणारे, पिल्लू बरोबर असलं तर आईचे काय हाल होत असतील विचार करा. जगभरात ही जात धोक्यात आहे, आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, सगळ्यात कडक अनुसूचीत संरक्षित आहे. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो म्हणून एवढं लिहिलं.

तुम्ही काय करायचं, तर सकाळी लवकर जा, वारा पडलेला असतो, पाणी सपाट असतं, पर लांबूनही दिसतो. बसण्याआधीच तांडेलला सांगा, "दादा, पाठलाग नको, लांब इंजिन बंद करून थांबू, दिसले तर दिसले." बरेचसे बोटवाले मासेमारीतलेच असतात, त्यांना माशांच्या जागा, वारा, पाण्याचा रंग सगळं कळतं, पर्यटक आरडाओरडा करतात म्हणून ते बिचारे धावतात. इंजिन बंद झालं की कधी कधी नुसता फुस्स असा श्वासाचा आवाज आधी येतो, मग पाठ दिसते. मे अखेरीला बोटी बंद व्हायला लागतात, तेव्हा पहिल्या पंधरवड्यातच उरका.

जमलं तर एक दिवस वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत जा. स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारत कांदळवन दाखवतात, इंजिन नाही त्यामुळे खंड्या उडत नाही आणि चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या (हे छोटे मासे) शांतपणे बघता येतात. तिवराच्या पानावरून बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागतं, झाड मीठ पानातून बाहेर टाकतं. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, हिरव्या लांब शेंगांसारखी ती रोपं लटकत असतात. माझ्या मते डॉल्फिन फेरीपेक्षा इथे मुलं जास्त शिकतात.

प्रश्न : गेटवे-मांडवा बोटीवर मुलं सीगलना चिप्स, गाठ्या टाकतात. त्यांचा आनंद बघून नाही म्हणवत नाही. (एक आजोबा, अलिबाग)

उत्तर : आजोबा, तुम्ही म्हणालात तर नातवंडं ऐकतील, म्हणून तुम्हालाच विनंती, बंद करा. हे कुरव, म्हणजे तुमचे सीगल, हिवाळ्यापुरते येतात, काही तर लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवरून. मीठ आणि तळण त्यांचं खाणं नाही. त्यापेक्षा नातवंडांना पक्ष्यांची डोकी बघायला सांगा, उन्हाळा जवळ आला की पांढरी डोकी गडद व्हायला लागतात, कुणाची किती झाली ते मोजू देत.

प्रश्न : मुलगा 5 वर्षांचा, बोट लागते, बजेटही कमी. (एक बाबा, डोंबिवली)

उत्तर : मग या वर्षी बोट नकोच. मुंबईत गिरगाव, हाजी अली, कार्टर रोडच्या खडकांवर ओहोटीला जा, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), शंखात राहणारे खेकडे, नशीब असेल तर ऑक्टोपस. मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाचे लोक 2017 पासून असे शोअर वॉक, म्हणजे किनाऱ्यावरच्या फेऱ्या घेतात, पहिल्यांदा त्यांच्याबरोबरच जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे हटतं, आणि वरच्याच तिथीच्या हिशोबाने ओहोटी सकाळ-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला येते. पायात पकड असलेले बूट हवेत, चपला नकोत. शंख सुंदर दिसला तरी उचलायचा नाही, काही गोगलगायी विषारी डंख मारतात, आणि रिकाम्या शंखात कुणीतरी राहायला आलेलं असतं. पाणी वळलं, म्हणजे भरती सुरू झाली, की लगेच निघायचं.

पुढे कधी बोटीत बसवलाच तर मधे बसवा, नजर लांब क्षितिजावर, पोट ना रिकामं ना गच्च. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून. आणि लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्यांपाशी धरून वर ओढून बघा, कानापर्यंत सरकलं तर ते मोठ्यांचं आहे, लहान मागून घ्या, नसेल तर त्या बोटीत बसू नका.